मदत हवी आहे: फेझंट पळायला लागला की कुत्रीचा धीर सुटतो

नमस्कार मंडळी. माझी जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर (पक्ष्याचा वास आला की थबकून तो दाखवणारी शिकारी जात) कुत्री 11 महिन्यांची आहे. फेझंट या कोंबडीसारख्या रानपक्ष्याच्या शिकारीचा तिचा हा पहिलाच हंगाम. नाक फार छान आहे. वाऱ्याच्या तोंडावर सोडली की गवतात मध्येच थबकते. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, फक्त नाकपुड्या हलत असतात. बघून जीव सुखावतो.

अडचण पुढची. नर फेझंट बऱ्याचदा दबून बसत नाही, पायीच पळत सुटतो. वास पुढे सरकला की ही झेपावते आणि पक्षी बंदुकीच्या टप्प्याबाहेर उडतो. काल तीनदा असंच झालं. 10 मीटरची दोरी बांधून ‘थांब’ शिकवलंय, मोकळ्या मैदानात ऐकते. उंच गवतात मात्र दोरीच अडकते. ती झेपावली तर मी बार काढत नाही, कारण पक्षी पडला की पाठलागाचं बक्षीस मिळाल्यासारखं होईल. ओरडतही नाही, या वयात पक्ष्याचीच धास्ती बसली तर सगळंच गेलं.

यंदा तिला दबून बसणाऱ्या लाव्यांवर तयार करू, की फेझंटवरच चालू ठेवू? पळणाऱ्या पक्ष्यामागे हळूहळू सरकायला तुम्ही कसं शिकवलंत?