'गृहीत धरणे' की 'धरून चालणे'?

समोरचा मनापासून बोलतोय असं आधीच मानण्याला मराठीत नेमकं काय म्हणावं? आमच्या वाचनगटासाठी नियम लिहिते आहे. 'इतरांचा प्रामाणिकपणा गृहीत धरा' असं लिहिलं आणि लगेच खटकलं. 'तू मला गृहीत धरतोस' ही तर तक्रार असते.

— 'प्रामाणिक'सुद्धा इथे बसत नाही. तो 'प्रमाण'पासून आला. संस्कृतात त्याचा अर्थ प्रमाणाला धरून असलेला, विश्वसनीय. मराठीत तो सचोटीच्या माणसाला लागला. म्हणजे पारखून झाल्यावर द्यायचा शब्द, आणि तुम्हाला हवाय पारखण्याआधीचा. 'सद्भाव' चालेल का? कायद्याच्या मराठीत 'सद्भावपूर्वक' रुळलेला आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेचं कलम ५२ सांगत असे की योग्य ती काळजी न घेता केलेली किंवा मानलेली गोष्ट सद्भावपूर्वक नव्हेच. मला हे फार पटतं. सद्भाव म्हणजे डोळे मिटणं नाही.

— पण 'सद्भाव ठेवा' म्हटलं की तो माझ्या मनातला झाला. मला समोरच्याच्या मनातल्याबद्दल बोलायचंय.

— मग नाम सोडा, क्रियापद बघा. 'धरून चालणे'. 'तो येईल असं धरून चाललो होतो.' नाही आला, तर बेत बदलतो. 'गृहीत' म्हणजे घेऊन झालेलं, तिथे प्रश्न संपला. 'धरून चालणे' यात चालणं सुरू आहे आणि हातातलं खाली ठेवता येतं.

— म्हणजे भाबडेपणाच ना?

— नाही. भाबड्याला शंका सुचतच नाही. धरून चालणाऱ्याला सुचते. तो ती तूर्त बाजूला ठेवतो. शिवाय चेहरा बघून खोटं ओळखू, ही खात्री पोकळ आहे. लोकांना खरं-खोटं ओळखायला लावणाऱ्या शेकडो प्रयोगांचा एकत्रित आढावा २००६मध्ये निघाला, त्यात खरं-खोटं बरोबर ओळखण्याचं सरासरी प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होतं. नाणं उडवलं तरी ५० येतात! तेव्हा समोरच्याला कसं घ्यायचं हे आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि 'धरून चालणे' यात ते ठरवणं ऐकू येतं.

— पटलं. आता असं लिहिते: 'समोरच्याचा हेतू चांगला आहे असं धरून चाला. शंका आली तर खुलासा मागा.'

— 'खुलासा मागा' नको, त्यात जाब विचारल्यासारखं वाटतं. 'विचारून घ्या' लिहा.