मेंढपाळांची भटकंती केवळ नाइलाज नव्हे
‘रेशन आणि शाळा मिळाली की मेंढपाळ आपोआप एका जागी राहतील,’ हे मत मला अर्धेच पटते. मुलांच्या शाळेचा प्रश्न खराच आहे. पण धनगरांची भटकंती पावसाच्या हिशेबावर चालते. देशावरचा चारा आटला की दिवाळीनंतर ते घाट उतरतात आणि कोकणातला मुसळधार पाऊस मेंढ्यांच्या खुरांना सोसत नसल्याने मृगाआधी परततात.

कोकणात शिळफाट्याजवळच्या आमच्या शेतात भातकापणीनंतर वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायचे जाळे, लावून रात्रभर मेंढ्या बसवल्या जात. सकाळी लेंड्यांचा थर पडलेला असे आणि वडील त्या खताच्या बदल्यात पायलीने भात मोजून देत. आता त्या खाचरांवर गोदामे उभी असून कळपांना मुक्कामापुरतेही रान उरलेले नाही. शाळा मिळण्याआधीच त्यांची वाट बंद झाली, याचे मला फार वाईट वाटते.