गोदेच्या पुराचं चित्र: नदी जिंकली की देऊळ?

गोदाकाठ: परवा एका प्रदर्शनात जलरंगातलं चित्र पाहिलं. नाशिकची पुरातली गोदावरी, नदीपात्रातली छातीपर्यंत बुडालेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती, मागे नारोशंकराचं देऊळ, कडेला पूल. निम्म्याहून जास्त कागद पाण्यानेच व्यापलाय. पूल म्हणजे नुसती एक करडी रेघ, कळस पावसात विरलेला. चित्रकाराला काय म्हणायचंय ते उघड आहे: माणसाने बांधलेलं सगळं नदीपुढे चार दिवसांचं. घाटावर काँक्रीट ओतणाऱ्यांनी हे पाहायलाच हवं.

कोरा कागद: अजिबात पटलं नाही. ते देऊळ 1747 चं आहे. काळ्या पाषाणाचं, कित्येक पूर अंगावर घेऊन उभं. ते चार दिवसांचं कसं? मीही चित्र पाहिलंय, अगदी जवळून. देवळाच्या पायऱ्यांवरचा उजेड रंगवलेला नाही, तिथे कागद कोरा सोडलाय. जलरंगात पांढरं आधी ठरवून राखावं लागतं, एकदा रंग गेला की तो उजळपणा परत येत नाही. म्हणजे चित्रकाराने आधी देऊळ वाचवलं, मग पाणी सोडलं. आणि मारुती? गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, असा पूर आपण त्याच्यावरच तर मोजतो. नदीचं माप माणसाच्याच हातात आहे.

पाणवठा: तुम्ही दोघंही पुराला निव्वळ निसर्ग धरून चाललाय. वर गंगापूर धरण आहे, 1965 पासून. पाऊस आभाळातून पडतो, पण किती क्युसेक सोडायचे ते माणूस ठरवतो. त्या चित्रातलं पाणीसुद्धा अर्धं बांधकामच आहे.

गोदाकाठ: कोऱ्या कागदाचा मुद्दा बिनतोड. पण मग कळस ओल्यावर ओला रंग टाकून का विरघळवला? देऊळ वाचवायचं असतं तर कळसाची कडा विरू दिली नसती. आणि धरण चित्रात नाही, ते मध्ये आणू नका.

कोरा कागद: मग काँक्रीट तुम्ही कुठून आणलंत? तेही चित्रात नाही.

गोदाकाठ: आहे, पाण्याखाली. घाटावरच्या रामकुंडाच्या आसपासची जुनी कुंडं काँक्रीटखाली गेली, तळाचे झरे बुजले. इथल्या माणसाला तो तळ विसरून हे पाणी बघताच येत नाही. मला तरी नाही.