वाचन वर्गामुळं खरंच फरक पडतोय का, हे कसं मोजायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. आमचं मंडळ संध्याकाळी मराठी शाळेतल्या तिसरी ते पाचवीच्या पोरांचे वाचन वर्ग चालवतंय. पोरं वाचायला लागलीत, पालक पण खूश हाईत, पण हे वर्गामुळं झालं की एक वर्ष मोठी झाली म्हणून तसंही झालंच असतं ते सांगता येईना, आणि आता अजून गावात सुरू करायचंय तर आधी हे कळायलाच पाहिजे.

चाचणी 'असर'चीच ('प्रथम' ही शिक्षणातली संस्था पोरांचं वाचन तपासायला जे सर्वेक्षण करते ते) घेणार, म्हणजे अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट, मराठीत मिळते. अडचण तुलनेची आहे. 'प्रथम'च्या बालसखीचा (शाळेत मागं पडलेल्या पोरांना वेगळं बसवून शिकवणारी ताई) अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांनी मुंबई-बडोद्यात केला तेव्हा कुठल्या इयत्तेला बालसखी मिळणार ते लॉटरीसारखं ठरवलेलं. आम्हाला कुठल्याच पोराला कायमचं बाहेर ठेवायचं नाही, ते मनाला पटतच नाही, म्हणून चिठ्ठ्या टाकून निम्म्या गावात यंदा आणि बाकीच्यात पुढच्या वर्षी वर्ग, पण चाचणी सगळीकडं एकदमच, असं डोक्यात आहे.

हे बरोबर होईल का? एका गावातली पोरं साधारण सारखीच असतात म्हणे, म्हणजे नुसती पोरं वाढवून भागणार नाही, मग किमान गावं किती घ्यायची? तालुक्याच्या पश्चिमेकडं पावसात पोरांची हजेरी कमी होते, ती कशी धरायची? घरात कन्नड किंवा कोकणी बोलणाऱ्या पोरांचे आकडे वेगळे काढू का? आणि चाचणी शिकवणाऱ्या ताईंनी न घेता दुसऱ्या गावच्या ताईंनी घेतली तर चालेल ना?

बेळगाव-निपाणीकडं कुणी असं काम केलेलं असेल तर सांगा की, शाळा सुरू व्हायच्या आत पहिली चाचणी उरकायची आहे.