पाणी चोवीस तास, तरी पिंप भरलेलं

मांजराकाठची
आम्ही मूळ लातूरचे. आता लेकीकडे पुण्यात असते. इथे सोसायटीची टाकी आहे, नळ कधीही सोडा, पाणी येतं. तरी मोरीत माझं पिंप, ओट्याखाली घागरी, बाल्कनीत दोन ड्रम. मला त्यात वावगं काहीच वाटत नव्हतं. परवा जावई म्हणाले, "आई, तुम्ही रात्री उठून नळ का बघता?" मी उठते हे मलाच ठाऊक नव्हतं!

२०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचं धरण आटलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. मार्चातच टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. आमच्या गल्लीत टँकर अपरात्री यायचा, हॉर्न ऐकला की घागर घेऊन पळायचं. तेव्हाची सावध झोप तशीच राहिली बघा. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, कपड्यांचं संडासात, पाहुण्याला अर्धाच ग्लास.

यातलं काय सोडावं? सगळंच वाईट म्हणू नका.

औशाचा
ताई, अर्धा ग्लास सोडू नका. बायको मुंबईची, पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिला अर्धाच दिला. अजून ऐकवते.

निवृत्त_हिवताप
आधी बाल्कनीतले ड्रम काढा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. नुसतं ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. आतून घासावंच लागतं. आठवड्याचा कोरडा दिवस पाळा, म्हणजे एक दिवस भांडी रिकामी करून, घासून सुकवा, म्हणून आम्ही दारोदार घसा कोरडा केला, तो याचसाठी. टँकरच्या दिवसांत तुमच्या पिंपाचा तळ सारखा दिसत असणार. आता ते पाणी कुणी वापरत नाही, नुसतं उभं राहतं.

कोथरूडकर
पुण्यातही अधूनमधून गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं. एक पिंप असू द्या की.

मांजराकाठची
पिंप ठेवते, दर रविवारी घासून भरीन. रात्रीचं उठणं कदाचित बीपीच्या गोळीनंही असेल, डॉक्टरांना विचारते. पण ड्रमचं एवढं पाणी ओतायला हात धजत नाही हो. कुंड्यांना घातलं तर अळ्या मरतात का?

निवृत्त_हिवताप
मरतात. मातीत जिरू द्या, खालच्या ताटलीत साचू देऊ नका. गटारात तर मुळीच नको.