पोटाची गोळी आणि मेंदूवरचा परिणाम : चिठ्ठीवर 'किती दिवस' हे लिहिणे सक्तीचे असावे का?

पूर्वभाग_सोलापूर (धागाकर्ता)

माझे म्हणणे आधीच मांडतो. पोटाच्या तक्रारीसाठी दिल्या जाणाऱ्या ज्या औषधांचा परिणाम मेंदूपर्यंत पोचतो, ती किती दिवस घ्यायची हे चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय डॉक्टरांनी देऊ नयेत, आणि ती मुदत संपल्यावर नवी चिठ्ठी नसेल तर दुकानदाराने विकू नयेत.

आमची अम्मा त्रेसष्ट वर्षांची आहे. चाळीस वर्षे ती विड्या वळते आहे. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि जर्दा, आणि बोलता बोलता दिवसाला हजार विड्या, हे मी लहानपणापासून पाहत आलो. दोन वर्षांपूर्वी तिला जळजळ आणि पोट फुगण्याचा त्रास सुरू झाला, तेव्हा जवळच्या दवाखान्यातून सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक कॅप्सूल पंधरा दिवसांसाठी मिळाली. तिला चांगला आराम पडला. पुढे आम्ही रिकामे पाकीट दुकानात दाखवून तीच कॅप्सूल आणत राहिलो. ती थांबवा असे कोणी म्हटले नाही आणि थांबवायची का, हे आम्हीही विचारले नाही.

साधारण दहा महिन्यांनी विड्यांची संख्या कमी होऊ लागली. हजाराच्या आठशे झाल्या, मग पाचशे. पान ती नीट कापायची, पण वळताना बोटे मध्येच अडायची, आणि विडीचे टोक नखाने दुमडायला तिला तीन-तीनदा प्रयत्न करावे लागायचे. आम्ही म्हटले वय झाले, नजर कमी झाली, म्हणून चष्मा बदलून आणला. मग तिची पावले आखूड पडू लागली आणि चेहऱ्यावरचे भाव गेले. माझी बहीण माहेरी आली तेव्हा तिने मला बाजूला घेऊन विचारले, "अम्मा माझ्यावर रागावली आहे का?" शेवटी दोन्ही हात थरथरू लागले, तेव्हा एका डॉक्टरांनी कंपवात (पार्किन्सन) असल्याचे सांगून गोळ्या सुरू केल्या. त्यांनी पोटाच्या औषधाविषयी विचारले नाही, आणि पोटाचा इथे काय संबंध म्हणून आम्हीही सांगितले नाही.

पाच महिन्यांनी दुसऱ्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पहिल्याच भेटीत घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणायला सांगितली. पिशवी त्यांनी टेबलावर रिकामी केली आणि पाकिटे एकेक उलटून वाचत त्यातले एक बाजूला ठेवले. ते पोटाच्या कॅप्सूलचे होते. त्यात आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम होते.

त्यांनी समजावले ते असे : जठराच्या भिंतीत डोपामीन या संदेशवाहक रसायनाचे ग्राहक (म्हणजे ते रसायन जिथे चिकटून काम करते त्या जागा) असतात आणि ते अडवले की जठर लवकर रिकामे होते, म्हणून पोट हलके वाटते. पण हेच औषध मेंदूतही जाते आणि हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या भागातले डोपामीनचे ग्राहकही अडवते. त्यातून हुबेहूब कंपवातासारखी अवस्था होऊ शकते, आणि वयस्क माणसांना, त्यातही स्त्रियांना, हा धोका जास्त असतो. म्हणजे सकाळी डोपामीनची वाट अडवणारी कॅप्सूल आणि दिवसातून तीन वेळा डोपामीन वाढवणारी गोळी, असे आम्ही तिला पाच महिने आमच्याच हाताने देत होतो.

ही एकाच औषधाची गोष्ट नाही. उलटीवर वापरल्या जाणाऱ्या मेटोक्लोप्रामाइडवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये ठळक चौकटीतला इशारा सक्तीचा केला, कारण ते दीर्घकाळ घेतल्यास तोंडाच्या आणि जिभेच्या अनावर हालचाली सुरू होतात आणि औषध बंद केल्यावरही त्या कायम राहू शकतात. युरोपने २०१३ मध्ये ते जास्तीत जास्त पाच दिवस द्यावे, असे ठरवले. चक्कर येते म्हणून आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन या औषधांनीही दीर्घ वापरात कंपवातासारखी लक्षणे येतात. यातले आपल्या किती घरांत माहीत आहे?

जुना_जीपी

आपल्या आईंच्या बाबतीत जे घडले ते टाळता येण्यासारखे होते, आणि दोन्ही ठिकाणी आमच्या व्यवसायाची चूक झाली हे मी मान्य करतो. पण आपण सुचवलेल्या उपायाला माझा विरोध आहे.

मी तीस वर्षे या शहरात व्यवसाय करतो. 'गोळ्यांनी मेंदू खराब होतो' अशा मजकुराचा परिणाम मी दवाखान्यात पाहतो. यंत्रमागावर काम करणाऱ्या माझ्या एका रुग्णाने असाच एक मजकूर वाचून फिट्सची गोळी स्वतःच बंद केली. चौथ्या दिवशी त्याला मागाजवळच झटका आला आणि त्याच्या कपाळाला आठ टाके पडले. लोक औषधांची नावे लक्षात ठेवत नाहीत, फक्त भीती लक्षात ठेवतात. १९५२ मध्ये गंभीर मानसिक आजारांवरचे क्लोरप्रोमाझिन वापरात आले, तेव्हापासून त्या वर्गातल्या औषधांनी कंपवातासारखी लक्षणे येतात हे आम्हाला माहीत आहे, आणि तरीही आम्ही ती देतो, कारण त्यांच्याविना त्या रुग्णांचे आयुष्य साखळदंडात गेले असते.

दुसरी गोष्ट पैशांची आहे. दर पंधरा दिवसांनी नवी चिठ्ठी सक्तीची केली, तर विडी कामगार बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडेल आणि वर तपासणीचे पैसे जातील. मग ती दवाखान्यात येणारच नाही, शेजारणीकडची गोळी घेईल.

मेडिकल_काउंटर

दुकानदारावर सगळा भार टाकू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. हे औषध शेड्यूल एचमधले आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचे नाही, हा नियम आजही आहे. तरीही गिऱ्हाईक कात्रीने कापलेल्या पाकिटाचा तुकडा घेऊन येते. त्यावर कधी अर्धेच नाव असते, इशारा तर नसतोच, आणि असला तरी तो इंग्रजीत असतो. मी नाही म्हटले की तो समोरच्या दुकानातून घेतो. नवा नियम करण्याआधी आहे तो पाळण्याची सोय करा, आणि पाकिटावर मराठीत लिहा.

काढा_बरा

म्हणूनच आमच्या घरी फक्त झाडपाल्याची औषधे घेतात. त्यांचा मेंदूवर दुष्परिणाम होत नाही.

निवृत्त_शिक्षिका

हे विधान मला तसेच सोडून देता येणार नाही. सर्पगंधेच्या मुळीतून मिळणारे रेसर्पिन हे वनस्पतीजन्यच औषध आहे. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि त्यानंतर ती जगभर गेली. याच रेसर्पिनने पुढे काही रुग्णांना औदासीन्य आले आणि काहींना कंपवातासारखी लक्षणे आली. इतकेच नव्हे, १९५७ मध्ये स्वीडनचे शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चल झालेल्या सशांना लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत ज्याचे डोपामीन बनते ते द्रव्य, दिले तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले, आणि कंपवाताच्या आजच्या उपचाराची वाट तिथून निघाली. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले. औषध मुळीतून आले की कारखान्यातून, हे मेंदूला कळत नाही.

बार्शीकर_आई

मी या चर्चेत थोड्या वेगळ्या बाजूने लिहिते. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला आणि मेंदूत आजार पसरू नये म्हणून डोक्यावर किरणोपचार करावे लागले. सही घेण्याआधी डॉक्टरांनी मला बसवून सांगितले होते की पुढे त्याची शिकण्याची गती मंद होऊ शकेल, आणि वय जितके लहान तितका हा धोका अधिक. आज तो सतरा वर्षांचा आहे. पाढे त्याच्या लक्षात राहत नाहीत आणि प्रश्न समजून घ्यायला त्याला वेळ लागतो. पण तो आहे. मी तेव्हा सही केली याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही, कारण तो निर्णय माझा होता. हानी झाली म्हणून उपचार चूक ठरत नाही, हे जुना_जीपी यांचे म्हणणे मला पटते. पण पित्ताच्या कॅप्सूलसाठी अम्मांना कोणी बसवून काही सांगितले होते का?

पूर्वभाग_सोलापूर (धागाकर्ता)

बार्शीकर ताई, नाही सांगितले. मला बोचते ते तेवढेच.

जुना_जीपी, आपल्या रुग्णाचा प्रसंग वाचून मी एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे : कोणीही हा धागा वाचून स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये. पिशवी भरून डॉक्टरांकडे न्यावी. अम्माची कॅप्सूलही डॉक्टरांनीच थांबवली. पण ज्यांच्याविना माणूस जगणार नाही अशी औषधे आणि ढेकर येत नाही म्हणून दिलेली कॅप्सूल, यांना आपण एकाच तागडीत घालत आहात. पहिल्या प्रकारात धोका पत्करण्यासारखे काहीतरी समोर असते. दुसऱ्यात बहुतेक वेळा पंधरा दिवसांत काम झालेले असते आणि उरलेले दीड वर्ष केवळ सवयीने जाते. मजुरी बुडण्याचा आपला मुद्दा मात्र खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. चिठ्ठीवर 'पंधरा दिवस, नंतर बंद' एवढे मराठीत लिहिले असते, तर आम्हाला पुन्हा यावेच लागले नसते.

जुना_जीपी

असे लिहायला मला काहीच अडचण नाही, आणि उद्यापासून मी लिहीन. मात्र कायद्याने दुकानदारावर आणि रुग्णावर सक्ती करण्याला माझा विरोध कायम आहे. दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी आपल्याकडे २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. रुग्ण स्वतःही १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळवू शकतो आणि वैद्यकीय महाविद्यालयांतही त्याची केंद्रे आहेत. आमच्यापैकी फार थोडे डॉक्टर तो अर्ज भरतात, हा दोष आमचा आहे. आपल्या आईंची नोंद झाली आहे का? आणि आता त्या कशा आहेत?

पूर्वभाग_सोलापूर (धागाकर्ता)

नोंद झालेली नव्हती. काल फोन केला, आता पाकिटावरचा बॅच क्रमांक शोधतो आहे.

कॅप्सूल थांबवून साडेचार महिने झाले. चालणे पुष्कळ सुधारले आहे आणि गड्ड्याच्या यात्रेत ती नातवाचा हात धरून पूर्ण फिरली. विड्या सातशेच्या आसपास होतात. उजवा हात स्थिर झाला आहे, डावा अजून थरथरतो. डॉक्टर म्हणतात की बहुतेकांची लक्षणे काही महिन्यांत ओसरतात, पण काहींच्या मेंदूत मूळ कंपवात आधीच सुरू झालेला असतो आणि औषध त्याला फक्त लवकर उघडे पाडते. तिच्या बाबतीत यातले काय आहे, हे पुढच्या तपासणीत पाहायचे आहे.