शाळेसमोर गतिरोधक मागितला की कोणाची कंबर दुखते?

सडेकर: काल तालुक्याच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "शाळा उघडली की झाली यांची गतिरोधकाची रड सुरू. आमच्या गाड्या खालून घासतात. पालकांनी पोरांचे हात धरावेत." राहवलं नाही म्हणून हा धागा.

साहेब, 15 जूनला शाळा उघडते तेव्हा इथे मृग लागलेला असतो. आमच्या शाळेसमोरची साईडपट्टी दोन पावसांत खचते, उरलेल्या भागात टाकळ्याचं रान. पोरं डांबरावरूनच चालणार. वारा समोरून. तिसरीतलं पोर छत्री तोंडाशी आडवी धरून चालतं, समोरची गाडी त्याला दोन हातांवर आल्यावर दिसते. हात धरायला आहे कोण? आई पेरणीत, बाप मुंबईत.

नियमावली: रस्ता कुठला ते आधी सांगा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर गतिरोधक विसरा, तिथे फार तर रंबलर पट्ट्या मिळतील.

सडेकर: जिल्हा मार्ग.

नियमावली: मग मापात घाला. 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच. ताशी 25 ने गेलात तर काही घासत नाही. आमच्या वाडीत पोरांनी रातोरात सिमेंटचा उंबरठा घातला, रंग नाही, पाटी नाही. माझा मेहुणा पहिल्याच पावसात त्यावरून उडाला. खुब्यात सळी आहे अजून.

लाल_डबा: मूळ दुखणं चाकरमानी. घाटात वळणावर ओव्हरटेक करणारे तेच. आणि खड्डे कधी भरतात? गणपतीच्या तोंडावर. जूनमध्ये शाळेतल्या पोरांसाठी डांबराचा एक डबा कोणी ओतलेला बघितलाय?

ठाणेकर_मूळ_गुहागर: आलं चाकरमान्यांवर! अहो, 15 जूनला आम्ही गावात असतो तरी का? शाळेचे पत्रे मात्र आमच्या वर्गणीचे. मे महिन्यात तुमच्याच नाक्यावर नववी-दहावीतली तीन पोरं एका स्कूटीवर पाहिली, हेल्मेट आरशाला लटकवलेलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 199अ आलंय. अल्पवयीन पोराने गुन्हा केला तर पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद, वर 25,000 दंड. वाचा जरा.

लाल_डबा: कायदा ठाण्यात सांगा. आमची सकाळची एसटी बंद होऊन दोन वर्षं झाली. मुलींना पास फुकट आहे, पण दाखवायचा कोणाला, त्या टाकळ्याला? हायस्कूल सात किलोमीटरवर.

नियमावली: म्हणून गाडी हातात द्यायची?

लाल_डबा: दिली होती. मीच दिली. मागल्या श्रावणात मुलगी उतारावर शेवाळावरून घसरली, गुडघ्याला सात टाके. दफ्तर वहाळात. तेव्हापासून मी सोडतो, दुकान अर्धा तास उशिरा उघडतं. तुम्ही एसीत बसून कलमं मोजा.

गजालीकार: आमच्या कणकवलीक उड्डाणपूल झालो, म्हणान काय पोरां उडान शाळेत जातत? खालून रस्तो तसोच आसा.

ठाणेकर_मूळ_गुहागर: टाक्यांचं वाचून वाईट वाटलं. खरंच. एसटीचा मुद्दाही मान्य, आमच्या वाडीचीही बंद झाली. पण वर्गणीबद्दल एक शब्द तरी चांगला बोला.

लाल_डबा: पत्रे गळतात.

ठाणेकर_मूळ_गुहागर: मग पुढच्या खेपेला तुम्हीच आणा!

सडेकर: माझ्या धाग्यावर गतिरोधकाबद्दल कोणी बोलणार आहे का? सोमवारी बांधकाम विभागात अर्ज देतोय.

नियमावली: मापं मी लिहून देतो. पांढरे पट्टे दरवर्षी मे संपायच्या आत मारायचे, हेही त्यात घाला. पावसात धुतल्यावर तो गतिरोधक नसतो, सापळा असतो. आणि हो, साईडपट्टीची मागणी आधी, गतिरोधक नंतर. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये खरी गोष्ट तीच होती, तुम्हालाच दिसली नाही.

सडेकर: बरं बाबा, दोन अर्ज देतो.

लाल_डबा: रंगाची वर्गणी ठाण्याहून घ्या.